कुणी न खाल्लेल्या बर्फाची नळी

गुरुवारी सकाळी घरगाडीतल्या फ्रिजसमोर उभी असताना डोरीन हॅकवर्थची टाच जमिनीत अर्धा इंच आत गेली. तिनं कॉफीचा मग ओट्यावर ठेवला, गुडघे टेकले आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं. चहात बुडवलेल्या पावासारखं लागलं. अंगठा काढला तिथं पाणी वर आलं.

पाण्याच्या पंपाचं बटण सिंकच्या वर होतं. ते तिनं आधी बंद केलं. मग तिथंच, जमिनीवर, कॉफी गार होईपर्यंत बसून राहिली.

डोरीन सहासष्ट वर्षांची. मिसुरीत चोवीस वर्षं शाळेची बस चालवली. नवरा वेंडल निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकून ही चौतीस फुटी घरगाडी आणि ती ओढायला ट्रक घेतला. वेंडल दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ती एकटीच फिरते: उन्हाळ्यात कुठल्या तरी सरकारी कॅम्पची राखण, ऑक्टोबरात मिनेसोटात साखरेच्या बीटांच्या हंगामावर, थंडीत दक्षिणेला टेक्सासात. अशा फिरत्या माणसांचा पत्ता म्हणजे गाडीची नंबरप्लेट. गाडी गेली की पत्ता गेला.

हंगाम बुधवारी रात्री संपला होता. बीटवाल्या मजुरांच्या गाड्या जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानात लावायची सोय होती. रविवारी दुपारी बारा वाजता मैदानाचं पाणी आणि वीज बंद व्हायची होती. त्याच संध्याकाळपासून बर्फ पडणार असं रेडिओ तासातासाला सांगत होता. इथली थंडी शून्याखाली तीस अंशांपर्यंत जाते. या गाड्यांच्या भिंती दीड इंचाच्या.

शेजारच्या गाडीतला मायलो प्रुसॅक सत्तरीचा, लिफ्टचा जुना मेकॅनिक. तिनं दार वाजवलं तेव्हा तो दात न लावता बाहेर आला.

"जमीन मऊ झालीये," डोरीन म्हणाली.

"कुठली?"

"फ्रिजखालची."

मायलो आत गेला, दात लावून, टॉर्च घेऊन आला. मस्करी मात्र केली नाही.

फ्रिज गाडीच्या सरकत्या भागात होता. गाडी उभी केली की बटण दाबायचं. भिंतीचा तो भाग, त्यातला सोफा आणि फ्रिज घेऊन, तीन फूट बाहेर सरकतो आणि आत माणसाला वावरता येतं. निघताना पुन्हा आत घ्यायचा. तो आत गेला नाही तर गाडी रस्त्यावर नेता येत नाही. आणि त्याची जमीन म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी.

मायलोनं बाहेरून फ्रिजमागची जाळी काढली. "पंप चालू कर. दहा सेकंद."

आत करंगळीपेक्षा बारीक प्लास्टिकची नळी होती. बर्फ करणाऱ्या यंत्राला पाणी नेणारी. तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती आणि त्यातून केसासारखी धार थेट खालच्या फळीवर पडत होती.

"बंद कर," मायलो ओरडला. "कडाक्याची थंडी कधी पडली होती?"

"बारा दिवस झाले."

"पाइप रिकामे केलेस?"

"केले. कॉम्प्रेसर लावून. यादी बघून."

यादी ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती, वेंडलच्या अक्षरात. स्वयंपाकघर, बेसिन, शॉवर, संडास, बाहेरची तोटी. त्या रात्री पारा शून्याखाली आठवर गेला होता. डोरीननं एकेक तोटी उघडून नुसती हवा येईपर्यंत वाट पाहिली होती. पण बर्फाच्या नळीला तोटी नसते. फ्रिजनं मागितलं तरच ती उघडते. तिच्यातलं पाणी तसंच राहिलं, गोठलं आणि नळी चिरली. आणि बर्फाचं यंत्र वेंडलनं यादी लिहिल्यानंतर वर्षभरानं बसवलं होतं.

मायलोनं यादी वाचली. दार लावलं.

"तुला पंपाचा आवाज नाही आला? दर वीस मिनिटांनी घुरघुरला असेल."

"बारा तास बीटांच्या ट्रकांना हातानं वाट दाखवून आल्यावर मी कानात बोळे घालून झोपते. आणि टाकीचा काटा घेतल्यापासून खोटंच बोलतोय."

"सगळ्यांचेच बोलतात," मायलो म्हणाला. गाडी घेतल्यापासूनचा हा सगळ्यांचा अनुभव होता.

दुरुस्ती डोरीननं स्वतः केली. मायलो बादलीवर बसून शेरे मारत होता. तिनं चिरलेला तुकडा कापला, पितळी जोड बसवला, नट आवळले. पंप चालू केला. जोड कोरडा राहिला. वीतभर खाली दुसऱ्या जागेतून पाणी आलं. तिनं तिथं कापलं. मायलोच्या पेटीतला दुसरा जोड बसवला. या वेळी नळी नटाजवळच तडकली.

"ती नळी मेलीये, डोरीन."

"आणखी एक जोड दे."

"नाहीये. असता तरी दिला नसता. तू बर्फ खातेस का?"

"नाही."

"चहात घालतेस? सरबतात?"

"वेंडल घालायचा."

"मग दोन वर्षं तू ही नळी कुणासाठी भरून ठेवलीस?"

हातातला पाना डोरीननं एकदा उलटा, एकदा सुलटा केला.

"बूच मार," मायलो म्हणाला, जरा हळू.

तिनं मुख्य पाइपाला जिथं नळी निघत होती तिथं टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून पितळी बूच मारलं. पंप चालू केला. पंप घुरघुरला, थांबला आणि थांबलेलाच राहिला. गळती संपली होती. अर्धा तास लागला होता.

पण पाणी बारा दिवसांचं होतं. जमिनीवरची प्लास्टिकची चादर तिनं सुरीनं कापून उलटली. खालची फळी काळी पडून फुगली होती. दुरुस्तीची दुकानं तिनं फोनवर धुंडाळली. जवळचं नव्वद मैलांवर. तिथला माणूस म्हणाला, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बघू, आणि गाडी तुम्हीच आणायची.

तीन दिवस तिनं दोन हीटर आणि मायलोचा पंखा त्या उघड्या जागेवर लावून ठेवले. दर तासाला ती तळहात ठेवायची. वरचा थर शुक्रवारी रात्री कोरडा झाला. शनिवारी तिनं स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत गेला आणि ओला बाहेर आला. त्या दिवशी ती जेवली नाही. मैदान रिकामं होत होतं. एकेक गाडी हॉर्न देऊन जात होती आणि ती खिडकीतून हात हलवत होती, बीटांच्या ट्रकांना दाखवायची तसा.

रविवारी नऊ वाजता मैदानाची व्यवस्थापक आर्लिस चालत आली. चाळिशीची, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"तुम्ही दोघंच उरलात. बाराला मी पाणी तोडणार, डोरीन. थांबवायचं माझ्या हातात नाही."

"माहितीये मला."

"माझ्या आईच्या घरी एक खोली आहे. तुम्ही याल तर."

"आणि गाडी?"

आर्लिसनं मैदानाकडे पाहिलं. हिवाळ्यात इथं कुणाचीही गाडी राहू देत नव्हते. तसा नियमच होता.

डोरीन आत गेली आणि बटण दाबलं. सरकता भाग वीतभर आत आला, कर्र्कन वाजला, थांबला. मोटर कण्हत राहिली. तिनं बोट काढलं.

"पुन्हा दाबू नकोस," मायलो बाहेरून म्हणाला. तो गाडीखाली पाठीवर पडला होता. "फळीला पोट आलंय. रुळावर घासतंय. मोटर जाळशील."

"मग काय करू? सांग ना. तू इतकी वर्षं लिफ्ट उचलल्यास."

"लिफ्ट अडकली की आम्ही आधी माणसं उतरवायचो. वजन उतरव."

"कशाचं वजन?"

मायलो बाहेर आला. पाठीला चिखल लागला होता. त्यानं फ्रिजकडे बोट दाखवलं.

गाडी कारखान्यात बनते तेव्हा फ्रिज आधी बसवतात आणि भिंती नंतर उभ्या करतात. दारातून तो कधीच निघत नाही. सव्वानऊला त्यांनी सोफ्यावरच्या मोठ्या खिडकीचे स्क्रू काढायला सुरुवात केली. एकोणतीस होते. खिडकी चौकटीसकट निघाली तेव्हा साडेदहा वाजले होते आणि वारा आत घुसला. डोरीननं अंडी, लोणी, हॅमचा तुकडा आणि मोहरीची बाटली थर्माकोलच्या खोक्यात काढली. वरच्या कप्प्यात बर्फाची बादली काठोकाठ भरलेली होती. तिनं ती बाहेर गवतावर ओतली.

आर्लिसनं गोदामातून दोन माणसं आणि दोन फळ्या आणल्या. फ्रिजची दारं उतरवली. धड खिडकीच्या कडेवर टेकलं, तिथं अडकलं, मायलोनं ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून आर्लिसनं किल्ल्या वाजवल्या, आणि मग ते फळ्यांवरून घसरत खाली गेलं.

खिडकी परत लावेपर्यंत पावणेबारा झाले. डोरीननं बटण दाबलं. सरकता भाग हलला, कर्र्कन वाजला, आणि थांबला नाही. आत आला. खालच्या कोपऱ्यात दोन बोटं फट राहिली. ती मायलोनं ताडपत्री आणि चिकटपट्टीनं बुजवली.

"टेक्सासपर्यंत टिकेल?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस! लिफ्ट वर जाते नाहीतर खाली. आडवी जात नाही."

आर्लिस गवतावरच्या फ्रिजभोवती फिरत होती. "हा इथं सोडता येणार नाही, डोरीन. मी सोडू दिला असं कुणाला सांगू नका."

ते निघाले तेव्हा ढग खाली आले होते. मायलोची गाडी मागं होती. पन्नास मैलांवर डोरीन पेट्रोल पंपावर थांबली. गाडीच्या दारातून तिरकी होऊन आत शिरली, फ्रिजच्या रिकाम्या जागेपर्यंत गुडघ्यांवर गेली आणि काळ्या फळीवर अंगठा दाबला.

फळी दगडासारखी कडक लागली. ती गोठली होती. वितळेपर्यंत तरी धरून राहील.

दक्षिण अजून चौदाशे मैल होती. डोरीननं हीटरचं बटण पाहिलं, ते बंदच राहू दिलं आणि ट्रककडे परत गेली.