पूर्वेस पाण्याची टाकी

"चतुःसीमा सांगा."

तक्रार कसलीही असो, आमच्या हवालदारभाऊंचा पहिला प्रश्न हाच. तुम्ही कधी पोलिसांत जबाब दिला असेल, तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. गोंदियाच्या सायबर कक्षात मी कंत्राटी ऑपरेटर होते. इंग्रजी पत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे. भाऊ सारी नोकरी ठाण्यात पंचनामे करून आमच्याकडे आलेले. पंचनाम्यात जागेच्या चारही दिशांना काय आहे ते लिहायचे असते. ही सवय ते डब्यासारखी सोबत घेऊन आले.

एका कॉलेजच्या मुलीच्या नावाने कोणीतरी खोटे खाते उघडले, तर यांनी तिचा मोबाइल टेबलावर ठेवून लिहिले, 'पूर्वेस भिंत, पश्चिमेस चहाचा कप.'

"भाऊ, इंटरनेटला कसली आली चतुःसीमा?"

"असते जी मॅडम. ज्याले सीमा नाही, थे सापडत नाही."

परदेशी अधिकाऱ्यांबरोबर व्हिडिओ बैठक असली की ते टोपी घालून साहेबांच्या मागे बसत. पडद्यावर नवा चेहरा आला की उठून कडक सॅल्यूट. उभे राहिले की कॅमेऱ्यात त्यांचे फक्त पोट दिसे. तिकडची मंडळी त्या पोटालाच नमस्कार करीत.

एक दिवस दवनीवाड्याची एक बाई आली. तिचा एकुलता एक मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी परदेशात गेला होता. तिथल्या टोळीवाल्यांनी त्याचा पासपोर्ट काढून घेतला आणि कोंडून ठेवून त्याच्याकडून लोकांना फसवायचे मेसेज पाठवून घेत होते. घरी बोलायला रविवारी पाच मिनिटे फोन मिळे, तोही पहारेकऱ्यांसमोर. नदीकाठच्या एका गावाचे नाव तेवढे माहीत होते.

"माया पोरगा कोणत्या घरात हाये, त्यालेच मालूम नाही जी," म्हणत ती रडायला लागली.

भाऊंनी तिला पाणी दिले. "रडू नोको माय. रविवारी फोन आला का एकच विचार. सकाळचं ऊन येते त्या बाजूले काय दिसते? मंग बाकीच्या तीन बाजू."

पहारेकऱ्यांना आमच्याकडची झाडीबोली कुठून कळणार! कपडे वाळत घालायला कोंडलेल्या मुलांना गच्चीवर नेत, त्यामुळे पोराने सारे सांगितले. पूर्वेस हिरव्या पट्ट्याची पाण्याची टाकी, पश्चिमेस नदी, उत्तरेस आरागिरणी, दक्षिणेस सोनेरी कळसाचे देऊळ.

भाऊंनी ते मराठीत लिहिले. मी सगळ्या तक्रारीचे इंग्रजी केले आणि चतुःसीमेचा तेवढा परिच्छेद गाळला. परदेशातले अधिकारी हसतील असे वाटले. खरे सांगायचे तर मला माझ्या इंग्रजीचा तोरा होता. पत्र दिल्लीमार्गे तिकडच्या पोलिसांकडे गेले.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या गावात अशा एकसारख्या पुष्कळ इमारती आहेत, तुमची नेमकी कोणती, असे विचारले होते. मधल्या दोन रविवारी पोराचा फोन आला नव्हता. ती माय रोज पहिल्या बसने येऊन आमच्या बाकावर बसत होती. मला तिच्याकडे बघवेना.

मी भाऊंना कबूल केले.

"कायले काटलं जी?"

"हसतील म्हणून."

त्यांनी मूळ मराठी कागद काढून माझ्यापुढे ठेवला. रागावले असते तर बरे वाटले असते.

"हासू द्या ना बाप्पा. हासत हासत का होईना, वाचतील तं."

त्याच दुपारी परिच्छेद शब्दन् शब्द गेला. भाऊ माझ्या खुर्चीमागे उभे राहून बोटांवर चार दिशा मोजत होते.

टाकी आणि आरागिरणीवरून तिकडच्या पोलिसांनी इमारत हुडकली. पोरगा सुटला, त्याच्यासोबत कोंडलेली आणखी मुलेही सुटली. तो गोंदिया स्टेशनावर उतरला तेव्हा माय त्याचे तोंड नुसती चाचपत राहिली. भाऊ लांब उभे राहून रेल्वेचे वेळापत्रक वाचत होते. त्यांना कुठेही जायचे नव्हते.

पुढे तिकडच्या अधिकाऱ्याचे पत्र आले, चार दिशांचे वर्णन फार कामी आले म्हणून. मी वाचून दाखवले. भाऊ लाजले.

"त्या साहेबाच्या ठाण्याच्या पूर्वेस काय हाये, विचारा ना."

या खेपेला मी काही गाळले नाही. उत्तर आले, बेकरी. भाऊंनी ते डायरीत लिहून ठेवले.

निवृत्तीनंतर ते सडक अर्जुनीला राहायला गेले. फोनवर बोलवायचे, "या ना मॅडम. पूर्वेस हायवे, पश्चिमेस मायी धानाची बांधी, उत्तरेस पंक्चरवाला, दक्षिणेस चिंच." मी येते येते म्हणत राहिले.

गेल्या महिन्यात मी गेले, ती त्यांच्या तेरवीला, तेराव्याच्या जेवणाला. दवनीवाड्याची माय आणि तिचा पोरगा माझ्याआधीच येऊन पंगतीत वाढत होते. मला कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. पंक्चरवाला होता, चिंच होती, बांधीत धान उभे होते. चारही सीमा जागच्या जागी होत्या. मधे भाऊ तेवढे नव्हते.