पायरीवर बोललेलं खोटं

सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६. सकाळी सासूबाईंच्या पलंगावरची चादर बदलायची होती. हे काम मी रोजच करत असे. त्यांना एका कुशीवर वळवायचं, अर्धी चादर गुंडाळत आणायची, मग काखेत हात घालून उचलायचं आणि कोरड्या बाजूला घ्यायचं. त्या दिवशी उचलताना माझ्या उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की त्या अर्ध्या माझ्या हातात आणि अर्ध्या पलंगाबाहेर राहिल्या. पलंगाला गुडघा लावून मी कसंबसं सावरलं. मी स्वयंपाकघरात जाऊन दुखण्याची गोळी घेतली, वीस मिनिटं थांबले आणि उरलेली चादर बदलली.

ही गोळी घेऊ नका, असं मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पनवेल गावात एका तरुण डॉक्टरांनी नुकताच दवाखाना थाटला होता. शेक, तेल, पट्टा, सगळं करून झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी कागदावर खांदा काढून दाखवला. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी जुन्या सुतळीसारखी विरली आहे, म्हणाले. तिथे साखरेचं दाट पाणी टोचायचं. त्याने मुद्दाम सूज येते, आणि सूज आली की शरीर आपणहून तिथे डागडुजीला धावतं. महिन्याला एक, अशी तीन इंजेक्शनं. खात्री देत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. अटी दोन. ओझं उचलायचं नाही आणि दुखण्याची गोळी घ्यायची नाही, कारण गोळी ती सूजच मारते. घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "साखर टोचून घ्यायला गावात जातेस? आता चहापूडही टोचून घे, म्हणजे चहाच होईल."

त्यांचं अर्धं अंग लुळं होतं, जीभ मात्र शाबूत होती. यजमान गेल्यापासून नवीन पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या त्या तळमजल्याच्या घरात आम्ही दोघीच होतो. मी शिकवण्या घेत असे. माझ्याकडून दोन्ही अटी पहिल्याच आठवड्यात मोडल्या. सासूबाईंना उचलल्याशिवाय दिवस सुरू होत नव्हता आणि गोळी घेतल्याशिवाय उचलता येत नव्हतं. दोन इंजेक्शनं झाली, फरक शून्य. "गोळ्या नाही ना घेत?" डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी कागदावर तसं लिहिलं. मग म्हणाले, तिसऱ्यानेही गुण आला नाही तर मुंबईला ऑपरेशन, आणि पुढे काही महिने हात झोळीत.

हात झोळीत म्हणजे सासूबाई नागपूरला. दीरांचं पत्र येऊनच पडलं होतं. 'आईला इकडे आणतो, वहिनी, तुम्ही किती दिवस ओढणार?' पत्रात वावगं काही नव्हतं. पण सासूबाईंचा मुलगा याच खोलीत गेला होता. आजारात त्यांनी माझ्याकडे एकदाच काही मागितलं होतं. "मला इथून हलवू नकोस." मी हो म्हटलं होतं. माझ्या खांद्यावर काय अवलंबून होतं ते एवढंच.

देवाशी माझा संबंध कामापुरता होता. दर सोमवारी मी गावातल्या महादेवाच्या देवळातून तांब्याच्या लहान गडूत सासूबाईंसाठी तीर्थ आणत असे. हात जोडायचे ते वाणसामानाची यादी वाचून दाखवल्यासारखे. त्या संध्याकाळीही तसेच जोडले. बाहेर आले तर सकाळच्या गोळीचा असर उतरला होता आणि गडूसुद्धा जड लागत होता. मी पायरीवर बसले, पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि पाणी कुठे मिळेल ते बघू लागले.

पायरीच्या कडेला एक कातकरी बाई बेल विकायला बसली होती. याआधी तिला बघितलं असेल, पण लक्षात राहिली नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"दुखायची गोली हाय ना ती, बाय?"

"हो."

"माज्या नवऱ्याला देशील? भट्टीवर इटा पडल्या खांद्यावर. रातभर कण्हतो."

कुठला खांदा, हे मी का विचारलं कोण जाणे. तिने आपल्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. मी दोन गोळ्या तोडायला गेले आणि मग अख्खी पट्टीच तिच्या हातात दिली. वाटेत औषधांचं दुकान होतं, दुसरी घेता येईल, असा माझा सरळ हिशोब होता. जेवल्यावरच द्यायची, दिवसाला दोनच, हाड मोडलंय का ते उद्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं, हे सगळं शिकवणीतल्या मुलांना बजावावं तसं मी तिला दोनदा बजावलं. तिने मान डोलावली, पट्टी पदरात बांधली आणि मग थांबली.

"तुला नको? तुजं काय दुकत नाय?"

"नाही," मी म्हटलं. "माझं काही दुखत नाही."

तिने बेलाची एक जुडी माझ्या मांडीवर ठेवली. "तुज्या म्हातारीला." घरी म्हातारी आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. दर सोमवारी गडू घेऊन जाणारी बाई कोणासाठी तीर्थ नेते, हे कोणालाही कळेल. तरी त्या क्षणी मला उठवेना.

औषधांच्या दुकानापर्यंत गेले. काउंटरवर गर्दी नव्हती. पण देवळाच्या पायरीवर, तीर्थ हातात असताना, माझं काही दुखत नाही असं मी बोलले होते. आता इथे उभं राहून दुखण्याची गोळी कशी मागायची? डॉक्टरांशी खोटं बोलले तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. हे खोटं मात्र खरं करून दाखवायलाच हवं, असं वाटलं. मी तशीच रिक्षाने घरी आले.

सासूबाईंना तीर्थ दिलं, बेल उशाशी ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, चोरून घेतलेल्या गोळ्यांसकट. मला वाटलं, चिडतील.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "गोळी घेतलीस की तू मला पोत्यासारखी उचलतेस. न घेता उचलतेस तेव्हा हळू उचलतेस."

"आता उद्या उचलताच येणार नाही."

"मग नको उचलूस. जगात तुझेच दोन हात आहेत का?"

वरच्या मजल्यावरच्या म्हात्रेबाई गेले दीड वर्ष मला जिन्यात अडवून म्हणत होत्या, "हाक मारा ना टीचर, आमी काय नुसत्या बांगड्या मिरवायला हाव का?" आणि मी दर वेळी "जमतंय हो माझं" म्हणून पुढे जात असे. मदत घेणं म्हणजे दिलेला शब्द अर्धा पाळणं, असं मला वाटत होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. तिसरं इंजेक्शन घेतलं, या वेळी दोन्ही अटी पाळून. पहिला आठवडा फार वाईट गेला. पाडव्याच्या सुमारास माझी वेणी मी स्वतः घातली. हे साखरेच्या पाण्याने झालं, विश्रांतीने झालं की व्हायचंच होतं, ते सांगता येत नाही असं डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. मीही सांगू शकत नाही. ऑपरेशन टळलं. सासूबाई आणखी दोन वर्षं त्याच खोलीत राहिल्या आणि तिथूनच गेल्या. बेलवाली मला पुन्हा दिसली नाही. तिच्या जागी बसणारीने सांगितलं, भट्टीवरची माणसं, काम असेल तिकडे जातात. तिच्या नवऱ्याचा खांदा बरा झाला का, हे मला आजही कळलेलं नाही. दर सोमवारी हात जोडले की पहिलं तेच विचारते. यादी वाचणं तेव्हापासून सुटलं. माझी मागणी महादेवाने ऐकली असेल नसेल. माझी गोळी मात्र त्याने काढून घेतली, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी सहाला उठले. खांदा ठणकत होता. चहा ठेवला, सासूबाईंचं तोंड पुसलं, चादरीला हात लावला नाही. जिना चढून वर गेले. म्हात्रेबाईंच्या दाराची कडी बरीच उंच होती आणि उजवा हात वर जाईना. मी डाव्या हाताने दार वाजवलं.