जड नावाचा हलका नातू

केडुंगसारी गावात मूल वाढवण्याविषयी ज्यांना शंका असे ते बू वागिराहकडे जात. ज्यांना शंका नसे त्यांच्याकडे बू वागिराह स्वतः जात असे. बू हा इथे बाईच्या नावाआधी लावायचा मान. पहाटे बू वागिराह बाजारात तेंपे विकी. सोयाबीन आंबवून केळीच्या पानात बांधलेल्या तिच्या वड्यांना मागणी चांगली होती, कारण त्या घेताना आपल्या पोराविषयी सल्लाही फुकट मिळे, आणि तो नाकारण्याची सोय नसे. महिन्यातून एकदा मुखियाच्या ओसरीवर लहान मुलांचे वजन होई. तुळईला दांडीचा काटा टांगलेला असे, त्याला कापडाची झोळी. मूल झोळीत लोंबकळत रडे, बू वागिराह दांडीवरचे वजन पुढेमागे सरकवी, आणि सरकारी नर्सबाई आकडा लिहून घेई. नर्सबाईंचे काम आकड्यापाशी संपे. बू वागिराहचे तिथून सुरू होई.

तिची पद्धत ठरलेली होती. प्रश्न ती विचारी आणि उत्तरही तीच देई.

"काय खायला घालतेस? भात आणि कुरकुरीत पापड, दुसरं काय. अंडं? नसणारच. पालेभाजी? तुझ्याच घशाखाली उतरत नाही, त्याच्या कुठून उतरेल?"

आईने तोंड उघडेपर्यंत पुढचे मूल झोळीत बसलेले असे. बू वागिराहचे म्हणणे बहुधा बरोबर निघे, हे मान्य केले पाहिजे. परंतु पालकांना आधार देणे आणि पालकांच्या जागी आपणच बसणे यांत अंतर असते. ते अंतर तिला कोणी दाखवले नव्हते. दाखवण्याइतका वेळ तिने कोणाला दिला नव्हता.

एकदा शेजारच्या बू पाइकेमने आपल्या अशक्त मुलाविषयी आमच्याकडचे जुने कारण पुढे केले. मुलाला पेलणार नाही असे भारदस्त नाव ठेवले की त्या नावाच्या ओझ्याखाली ते झिजते, अशी इथली समजूत आहे. मग नाव बदलून साधे ठेवतात.

"नावाचा भार झालाय त्याला," बू पाइकेम म्हणाली.

"काट्याला पोरगं टांगलंय, नाव नाही टांगलेलं," बू वागिराह म्हणाली. "उद्या ये, तेंपे देते. तळू नकोस, वाफव."

ओसरी हसली. बू पाइकेम हसली नाही, आणि तिची स्मरणशक्ती उत्तम होती.

पुढे बू वागिराहला नातू झाला. मुलगा हेरू सुराबाया शहरात ट्रक चालवी, म्हणून सून तितिस बाळाला घेऊन सासरीच राहिली. बाळाचे नाव आजोबा पाक सुकीर यांनी ठेवले; पाक हा पुरुषाच्या नावाआधीचा मान. ते सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळात ढोलकी वाजवत. आयुष्यभर राजांच्या मागे बसून ताल धरल्यामुळे त्यांची नावांविषयीची अभिरुची दरबारी झाली होती. तेंपेवालीच्या नातवाचे नाव प्रबु जयावर्धना कुसुमानिंगरात असे ठेवण्यात आले.

दीड वर्षाचा झाल्यावर प्रबु जयावर्धना कुसुमानिंगरात वाढायचा थांबला. एका महिन्यात दांडी हलली नाही. पुढच्या महिन्यात नर्सबाईंनी वाढीच्या तक्त्यावरचा ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरवला आणि हळूच सांगितले, "अजून असंच राहिलं तर याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागेल."

बू वागिराहने प्रथम काट्यावर संशय घेतला. दुकानातून तांदळाचे मापाचे पोते आणवून तिने ते झोळीत बसवले. तांदूळ जितका हवा तितकाच भरला.

"तांदूळ चांगला बाळसेदार आहे," बू पाइकेम म्हणाली. "त्याला काय घालतेस?"

खरे तर प्रश्न तोच होता. संध्याकाळी पोराला शालीत कमरेला बांधून, हातात वाटी घेऊन गल्लीभर हिंडत भरवायचे, ही आमच्याकडची रीत. ते काम बू वागिराहने पहिल्यापासून स्वतःकडे घेतले होते, कारण तितिसला "भरवायचा हात नाही" असा तिचा निर्णय झाला होता. प्रत्येक ओसरीवर थांबून नातू दाखवावा लागे, आणि प्रत्येक ओसरी त्याच्या हातात पापड, तळलेले केळे, साखरेच्या पाण्याचा घोट असे काहीतरी देई. त्याआधी पाक सुकीर त्याला आपल्या गोड चहात बिस्कीट बुडवून देत. ताल शिकवण्यासाठी ते आवश्यक आहे, असे त्यांचे म्हणणे. घरी परतल्यावर तितिस भात, पालक आणि अंड्याची वाटी घेऊन बसे, तेव्हा प्रबु तोंड मिटून छताकडे पाही.

"आई, त्याचं पोट भरलंय," तितिस म्हणे.

"वाटीतलं तर सगळं तसंच आहे. पोट कशानं भरेल?" बू वागिराह म्हणे, आणि त्याने निदान काहीतरी खावे म्हणून त्याच्या हातात एक पापड देई.

या घरात मुलाची आबाळ कोणी करत नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. उलट प्रत्येक जण त्याला आपल्या परीने जगवत होता. फक्त इतरही तेच करत आहेत याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

अखेर एका संध्याकाळी बू वागिराह नवऱ्याला म्हणाली, "नाव बदलू या."

पाक सुकीर थक्क झाले. "तूच म्हणायचीस ना, काट्याला नाव टांगत नाहीत म्हणून?"

"ते पाइकेमच्या पोराचं. त्याचं नाव काय होतं? सात्रिया. एकट्या योद्ध्याचं कसलं वजन? तुम्ही अख्खा दरबार बसवलाय पोराच्या डोक्यावर."

तितिसला कोणी विचारले नाही. शेजारी बोलावले, अशा वेळी करतात ती तांबडी आणि पांढरी खीर शिजली, गावातल्या वृद्धाने मंत्र म्हटले, आणि बाळ बेजो झाले. बेजो म्हणजे नशीबवान. इथे हाक मारताच गल्लीतले दोनतीन जण वळून पाहतील इतके साधे नाव. पाक सुकीर खीर न खाता उठले.

पुढच्या वजनाला ओसरी भरलेली होती. बेजोला झोळीत बसवले. बू वागिराहने वजन सरकवले आणि जुन्याच खुणेवर थांबवले. नाव हलके झाले होते. बेजो होता तितकाच होता.

 टोमणा मारण्याऐवजी बू पाइकेमने बेजोला झोळीतून उतरवायला हात दिला, आणि ते बू वागिराहला अधिक लागले.

वजने झाली की मुगाची खीर वाटताना आयांनी शंका विचारायच्या असा नियम होता. त्या दिवशी मागून तितिस उठली. घरात ती सासूला आई म्हणे. इथे म्हणाली,

"बू वागिराह, एक विचारायचं होतं. एका आईचं पोरगं वाटीतलं खात नाही. कारण जेवणाच्या आधी घरातले आणि गल्लीतले सगळे त्याला काही ना काही देतात. तिनं काय करावं?"

ओसरीवरच्या चमच्यांचा आवाज थांबला. बू वागिराहने आजवर एकही शंका अनुत्तरित ठेवली नव्हती.

"तिनं घरच्यांना सांगावं," ती म्हणाली.

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"कोण ऐकत नाही?"

"सासरे थोडं ऐकतात."

पाक सुकीर ओसरीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

बू वागिराहने दांडीवरचे वजन मागे शून्यावर नेले. मग म्हणाली, "तिच्या सासूला सांग, की पोराच्या तोंडात काय घालायचं ते पोराची आई ठरवेल. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

"सासू ऐकेल?"

"जरा कडक बाई आहे," बू वागिराह म्हणाली. "पण बू वागिराहनं सांगितलंय म्हटलं तर ऐकेल."

पुढचा महिना त्या घराला सोपा गेला नाही. बेजो पापडासाठी गल्लीला ऐकू जाईल असा रडे, तेव्हा बू वागिराह मागच्या दारी जाऊन आधीच धुतलेले सोयाबीन पुन्हा धूत असे. पाक सुकीर चहा शेजाऱ्यांकडे जाऊन पीत. संध्याकाळी बू वागिराहच कमरेला शाल न बांधता ओसरी-ओसरीवर गेली आणि काही देऊ नका म्हणून सांगून आली. काहींना राग आला, कारण नातू दाखवायला न आणता नुसतीच आज्ञा आणली होती. तितिस वाटी घेऊन एका जागी चटईवर बसे. पहिले काही दिवस वाटी कोंबड्यांनी संपवली. नंतर कोंबड्यांना कमी मिळू लागले.

वजनाच्या दिवशी दांडी वर उचलली गेली. बू वागिराहला वजन पुढे सरकवावे लागले, आणि अजून थोडे पुढे. नर्सबाईंनी ठिपका हिरव्या कडेला टेकवला.

"नावच होतं," बू पाइकेम म्हणाली. "मी तेव्हाच सांगितलं होतं."

"नाव मी ठेवलं होतं, मी काढलेलं नाही," पाक सुकीर म्हणाले. नातवाला ते अजून प्रबु म्हणूनच हाक मारत, फक्त हळू आवाजात.

बू वागिराहने बेजोला झोळीतून उतरवून तितिसच्या हातात दिले आणि प्रत्येक आईला विचारते तोच प्रश्न विचारला.

"काय खायला घालतेस?"

 पुढची आई पोराला घेऊन झोळीपाशी आली, तिला बू वागिराहने हाताने थांबवले, आणि तितिसच्या उत्तराची वाट पाहत उभी राहिली.