संकटाचा माईक भास्करभाऊंकडे

तीन दिवसांचे खेळ, पण किस्से वर्षभर पुरतात! आमच्या तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांचा एक आपत्ती-संवाद आराखडा आहे, बारा पानांचा. तो मी लिहिला, कारण माझं अक्षर बरं! ज्यांच्यामुळे तो तगला त्यांचे आभार मानायला त्यात रकानाच नव्हता. म्हणून इथे मानतो.

आराखड्याची गरज पडली ती गेल्या वर्षीच्या प्रकारामुळे. उंद्रीकडच्या एका गावातल्या मुलीच्या पायात गोळा आला. बातमी मोबाइलवरून गावात पोचेपर्यंत पाय मोडलेला! गावकरी गाडी घेऊन आले आणि ऐन सेमीफायनलमधून खो-खोची अख्खी टीम घेऊन गेले. यंदा पुन्हा असं झालं असतं, तर त्या पोरी परत मैदानावर दिसल्या नसत्या.

*

पहिल्या मीटिंगला त्या पोरींच्या कोच शोभाताईंनी विचारलं, "काही झालं त माईकवर कोण बोलनार?"

सतरा हात वर!

"आन् जखमी पोरीजवळ कोण बसनार?"

सतराही खाली! ताई म्हणाल्या, "मंग बोलनारा एकच. बाकीच्यायनं पानी वाटा."

*

तो एकच म्हणजे भास्करभाऊ. एरवी लग्नात माईक सांभाळतात. रंगीत तालमीचा विषय होता, मंडपाला आग. भाऊंनी मी लिहून दिलेली चिठ्ठी न चुकता वाचली, "घाबरू नका, डाव्या गेटनं बाहेर पडा." आणि सवयीनं पुढे जोडलं, "जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये, ही आग्रहाची विनंती!"

"भाऊ, मंडपाले आग लागली हाये न!" शोभाताई ओरडल्या.

"मंग काय झालं? सैपाक त झालाच असन!"

*

पालकांचे नंबर मागवले. उंद्रीकडच्या त्या गावच्या बाराच्या बारा मुलींनी एकच नंबर दिला, गिरणीवाल्या गजाननभाऊंचा! मी वैतागलो. कॅप्टन राधा म्हणाली, "सर, बाबा वावरात असले का फोन बांधावर ठेवतेत. गिरणीत सांगतलं का साऱ्या गावाले समजते."

शोभाताई खूश. "सर, पयला नंबर गिरनीचाच टाका!"

*

आणि नको तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेमीफायनल जिंकता जिंकता राधा खांबावर आदळली. भुवईला तीन टाके. शोभाताई तिच्याजवळून हलल्या नाहीत. मी गिरणीला फोन लावला. गजाननभाऊंनी दळण अर्धवट ठेवून गिरणी बंद केली, राधाच्या बाबांना वावरातून बोलावून आणलं आणि फोन स्पीकरवर टाकला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

भास्करभाऊंनी माझ्या फोनवर चिठ्ठी वाचली, "राधाला तीन टाके पडले. ती शुद्धीवर आहे. तिच्या टीमची फायनल चार वाजता." मग राधा बोलली, "बाबा, मी बरी हाये."

भाऊंनी फोन परत घेतला आणि सवयीनं जोडलं, "जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये, ही आग्रहाची विनंती!"

फोन कट!

तासाभरात गेटवर दोन पिकअप उभ्या राहिल्या, माणसांनी भरलेल्या. मला वाटलं, गेल्या पोरी! राधाचे बाबा उतरले, लेकीची पट्टी नीट पाहिली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सरळ भास्करभाऊंसमोर येऊन उभे राहिले.

"फोनवर तुम्हीच होते न?"

"हाव," भाऊ कसेबसे म्हणाले.

"फायनल चारले हाये न? मंग तवरिक सांगा, जेवन कुठी हाये?"