ओळंब्याचा कबुलीजबाब

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ उभी आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तोच ओळंबा. हा बाबाही तसाच, वाकायचं नाव नाही. बायकोने एकदा हौसेने नवा चष्मा लावून विचारलं, "कशी दिसते मी?" तर म्हणे, "चष्मा चांगला आहे." बिचारीने पुढे विचारणंच सोडलं.

वृद्धाश्रमात वायरिंगपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं तोच बघायचा. चादरींच्या खोलीतल्या कपाटात त्याने मेलचा सर्व्हर बसवला होता, स्वतःच्या हाताने. दर सोमवारी तिथून साठ घरांना खुशाली जायची.

एका सोमवारी साठच्या साठ मेल परत आल्या. इंटरनेटवर आश्रमाच्या पत्त्याला लागून ज्यांचे पत्ते, त्यांतल्या कुणीतरी जाहिरातींचा कचरा लाखांनी पाठवला होता. असा कचरा अडवायला काळी यादी ठेवणाऱ्यांनी त्या पत्त्यांची अख्खी ओळच यादीत टाकली. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

आणि नेमका त्याच दिवशी खिडकीजवळच्या आजींचा श्वास बिघडला. त्यांचा एकुलता एक मुलगा बोटीवर इंजिन सांभाळायचा. तिथे फोन लागत नसे, आणि बोटीवर मेल यायची ती आधी नोंदवलेल्या पत्त्यावरूनच. नोंदवलेला पत्ता एकच, आश्रमाचा.

यादीतून सुटायला अर्ज होता. त्यात विचारलेलं: तुमची चूक काय, आणि ती कशी सुधारलीत? ओळंब्याने लिहिलं, "आमची चूक नाही." अर्ज नामंजूर. मंगळवारी पुरावे जोडून पुन्हा तेच. बुधवारीही तेच.

आश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाई चादरींच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. "अहो, लिहून टाका ना चुकलो म्हणून. तुमचं काय जातंय?"

"न केलेलं कसं कबूल करू, बाई?"

"त्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय? तिकडे आजी दाराकडे डोळे लावून बसल्यात."

गुरुवारी त्याने लिहिलं, "चूक आमची. सुधारली." लिहिताना कान लाल झाले होते त्याचे. दोन तासांत सुटका झाली, मेल गेली, आणि लगेच मुलाचं उत्तर आलं: पुढच्या बंदरात उतरतो, रविवारी पोचतो.

आजी शनिवारी सकाळी गेल्या.

मुलगा आला तो रिकाम्या पलंगाशीच उभा राहिला, बॅग खांद्यावर तशीच. "काका, तुमची मेल मिळाली आणि तसाच निघालो. उपकार झाले तुमचे."

मोठ्या बाई ओळंब्याला डोळ्यांनी दटावत होत्या. पण तो बोललाच. "तीन दिवस उशीर माझ्यामुळे झाला." आणि अर्जाची सगळी हकिगत सांगितली, एकही दिवस न गाळता.

मुलाने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "त्या तीन दिवसांत आई बोलत होती?"

जन्मात पहिल्यांदा ओळंब्याला वाटलं, नाही म्हणावं.

"बोलत होत्या. रोज विचारायच्या, मेल गेली का."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

ओळंबा पलंगाच्या कडेला टेकला.

"नाही गेली, म्हणून सांगायचो."