मागच्या गेटचं घड्याळ

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी तेव्हा एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीच्या जळगावच्या ऑफिसात नोकरीला होते. धुळ्याच्या पुढे साक्री रस्त्याला एक सूतगिरणी होती, तिथली हजेरी आम्ही कॉम्प्युटरवर आणली होती. पुढच्या गेटवर पुरुषांसाठी एक मशीन, मागच्या गेटवर बायकांसाठी दुसरं, आणि आत एका बंद खोलीत मुख्य सर्व्हर. कामगारानं कार्ड ओढलं की वेळ नोंदली जायची. बाहेरच्या जगाशी या तिघांचा काहीही संबंध नव्हता. फोनची लाइनसुद्धा त्या खोलीत येऊ द्यायची नाही, असा मॅनेजरसाहेबांचा हुकूम होता.

गिरणीतून फोन आला, 'बायकांच्या हजेरीचा घोळ झालाय, कोणाला तरी पाठवा.' मला पाठवलं. सकाळच्या एसटीनं निघाले. पारोळ्याला गाडी चहासाठी थांबली तेव्हाही मी खाली उतरले नाही. एकटीनं बाहेरगावी जाऊन काम करण्याची ती माझी पहिलीच खेप.

मागच्या गेटशी पोहोचले तर बायकांचा घोळका बसलेला. मधोमध चाळिशीची एक बाई, डोक्यावर पदर, आवाज चढलेला. ती सूत गुंडाळण्याच्या, वाइंडिंग खात्यात कामाला होती. बऱ्याच बायकांना रोज लेट लागत होता; त्यावरून फोरमननं तिला बोल लावले, तिनंही उलट सुनावलं, आणि चौकशी होईपर्यंत तिला कामावर घ्यायचं नाही असं ठरलं होतं. बाकीच्या बायका तिच्यासाठी बाहेर थांबल्या होत्या.

मी मशीनचं काम करायला आले आहे हे कळताच ती उठून माझ्याजवळ आली.

"ताई, मना घरवाला नि मी एकच टेंपोमा उनूत. तो टाइमवर, नि मी लेट? मी काय रस्तामा झोपी गयी?"

"अक्का, बघते मी," एवढंच मी म्हणाले.

फोरमन मागून म्हणाला, "गेटवर गप्पा मारत उभ्या राहतात मॅडम, दुसरं काय!"

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मशीनकडे पाहिलं. मशीन दहा-बारा मिनिटं पुढे होतं. टाइम ऑफिसचा क्लार्क म्हणाला, "मागंही एकदा हातानं लावलं होतं. परत पळतं."

हातानं लावून भागणार नव्हतं. मुख्य सर्व्हरवर वेळ जुळवणारा एक प्रोग्रॅम होता. दोन्ही गेटच्या मशीननी अधूनमधून त्याला वेळ विचारायची आणि आपलं घड्याळ त्याप्रमाणे सरकवायचं, अशी व्यवस्था होती. ती का चालत नव्हती? मागच्या मशीनची बॅटरी बदलली. वायर बदलली. जोडणी ठणठणीत होती, पण घड्याळ जागचं हलेना. पुण्याच्या हेड ऑफिसला फोन लावला, तर तिथले वरिष्ठ म्हणाले, "बॅटरी बदलून बघ." मला रडूच यायचं बाकी होतं. तीनची पाळी जवळ येत होती. मॅनेजरसाहेब दर थोड्या वेळानं दारात येऊन उभे राहायचे आणि घड्याळ बघून परत जायचे. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

एसीच्या थंडीत हात चोळत मी पुन्हा मुख्य सर्व्हरसमोर बसले. 'वेळ जुळलेली नाही' अशा अर्थाची ओळ पडद्यावर मी सकाळपासून पाहत होते. ती मागच्या गेटबद्दल आहे असं मी धरून चालले होते. नीट वाचलं, तर सर्व्हर ते स्वतःबद्दल सांगत होता! आमच्या लोकांनी पुण्याच्या ऑफिसातली प्रोग्रॅमची मांडणी जशीच्या तशी इथे उतरवली होती. तिथे सर्व्हरला वेळ विचारायला बाहेरचं एक मशीन होतं. इथे बाहेर जायची वाटच नसताना तो त्याच मशीनला हाका मारत बसला होता, आणि उत्तर येत नाही म्हणून गेटच्या मशीनना प्रामाणिकपणे सांगत होता, माझ्या वेळेचा भरवसा धरू नका. त्यांनी धरला नाही. दोघंही आपापल्या घड्याळावर चालली. पुढच्या गेटचं घड्याळ मुळात चांगलं, म्हणून तिकडे कोणाला काही कळलं नाही.

मी क्लार्कचा ट्रान्झिस्टर मागवला, बातम्यांआधीच्या टोल्यांवर सर्व्हरची वेळ लावली आणि मांडणीत बदल केला: बाहेर कोणी नसेल तर तुझंच घड्याळ खरं. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला.

पण बदल करण्याआधी मी मॅनेजरसाहेबांना दोन्ही गेटवर त्यांचं स्वतःचं कार्ड ओढायला लावलं होतं. पुढच्या मशीननं बरोबर वेळ दाखवली, मागच्यानं दहा-बारा मिनिटं पुढची. दोन्ही आकडे त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून घेतले होते.

आता मागच्या गेटशी उभं राहून वाट बघणं आलं. ही मशीनं लगेच ऐकत नाहीत, आधी चार-पाच वेळा विचारून खात्री करून घेतात. मी येरझाऱ्या घालत होते. बायका माझ्याकडे, मी पडद्याकडे. आणि एकदम आकडे मागे सरकले. मनगटावरच्या घड्याळाशी जुळले.

"जा, कामावर जा," मॅनेजरसाहेब त्या बाईला म्हणाले.

ती हलली नाही. आधी सगळ्या बायकांकडे, मग गेटच्या आत हात दाखवत म्हणाली, "बठ्ठास्नासमोर सांगा. मंग मी मझार येसू."

फोरमन काही बोलणार होता, साहेबांनी हात वर केला. बाहेरच्या बायकांकडे वळून म्हणाले, "मशीन चुकलं होतं. बाई वेळेवर होती."

ती पदर खोचत आत गेली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

परतीच्या गाडीत काम झाल्याचं समाधान वाटायला हवं होतं. ते काही येईना. मी सर्व्हरला स्वतःवर भरवसा ठेवायला सांगितलं होतं खरं, पण त्याचं घड्याळही हळूहळू चुकणारच. रोज रेडिओशी ताडून बघा, असं क्लार्कला दोनदा बजावलं होतं. त्यानं मान हलवली होती, पण मान तर सगळेच हलवतात. कंडक्टरनं तिकीट मागितलं तेही मला ऐकू आलं नाही.

काही दिवसांनी न राहवून एसटीडी बूथवरून फोन केला.

"घड्याळ रोज लावता ना?"

"न लावून चालतंय कुठे, मॅडम?" क्लार्क हसला. "त्या वाइंडिंगवाल्या अक्का पाळीच्या आधी येऊन उभ्या राहतात. म्हणतात, रेडिओ लाव, माझ्यासमोर जुळव."