चौथा खांदा

निवृत्तीनंतर समुद्राकाठी घर घ्यायला निघालेली माणसं काय काय बघत हिंडतात हे मला चांगलं ठाऊक आहे. कुणी विहिरीचं पाणी चाखतो, कुणी मासळीबाजार किती लांब ते विचारतो, कुणाला अंथरुणात पडल्यापडल्या लाटा दिसायला हव्या असतात. पण गावात शिरल्याशिरल्या स्मशान कुठे आहे ते विचारणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला.

माझे हे थोरले साडू जन्मभर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. जगातली प्रत्येक वस्तू सरळ उभी राहिली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. हॉटेलात शिरले की चहा येण्याआधी टेबल डुगडुगतं का ते बघायचे, पायाखाली कागदाची घडी सारायचे, आणि मग त्याच मायेनं शेजारच्या अनोळखी माणसाच्या टेबलाखालीही वाकायचे. माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी भटजींना थांबवलं, कारण अंतरपाट एका बाजूनं खाली आला होता. "डावीकडे दोन बोटं वर घ्या," असं त्यांनी मांडवातून ओरडून सांगितलं. आमचा संसार त्यामुळेच सरळ चालला असं माझी बायको अजून म्हणते. तिची थोरली बहीण म्हणजे यांची बायको. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. नवऱ्याच्या या खोडीवर मनापासून हसणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

ताई गेल्या त्या पुण्यात, जानेवारीतल्या एका कामाच्या दिवशी. मूलबाळ नव्हतं. सोसायटी मोठी, जिन्यात भेटणारी माणसं सगळी चांगली, पण कुणी ऑफिसात, कुणी मुलाकडे परदेशात, आणि घरी होती ती काठी टेकत चालणारी. शेवटी तिरडी उचलायला साडू, मी, वॉचमन आणि शववाहिनीचा ड्रायव्हर एवढेच. ते तिघं उंचेपुरे, मी बेताच्या उंचीचा, त्यामुळे दारापासून गाडीपर्यंत तिरडी माझ्या कोपऱ्याकडे कललेलीच राहिली. साडू त्या कोपऱ्याकडे बघत चालले. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर हलकेच म्हणाले, "वजनमापेवाल्याची बायको, आणि तिरपी गेली." त्यात माझ्यावर राग नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि उंचीच्या बाबतीत माणसाला काहीच करता येत नाही म्हणून जास्तच वाटलं.

त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की पुण्याची थंडी आपल्या गुडघ्यांना सोसत नाही, आपण सिंधुदुर्गात समुद्राकाठी उबदार हवेत जाऊन राहणार. नातेवाइकांना ते पटलं. खरं कारण मला पहिल्याच फेरीत कळलं. गाडी माझी आणि चालवणारा मी. आंबोलीला चहासाठी थांबलो, तर टपरीवाल्याला यांनी विचारलं, "इथे कुणी गेलं, तर खांद्याला चार माणसं मिळतात का हो?"

टपरीवाल्यानं गाळणी हातात धरून थोडा विचार केला. "माणसां गावतली," तो म्हणाला, "पण पावसात सुकी लाकडां खंय गावतली?"

आंबोलीला समुद्र नाही याची मी आठवण करून दिली. "तुलना तर करायला हवी ना," साडू म्हणाले.

मग हिवाळेच्या हिवाळे तुलना चालली. रेडीला एका दुकानदारानं सांगितलं की बंदरात बोट लागलेली नसेल तेव्हा हवी तेवढी माणसं देतो. पण बोटीची वेळ आणि मरणाची वेळ जुळवायची कुणी, म्हणून रेडी बाद. खारेपाटणला माणसांची ददात नव्हती, पण समुद्र बराच लांब, आणि नातेवाइकांना सांगितलेलं कारण खोटं पडलं असतं. वेंगुर्ल्याला तर घर सगळ्या बाजूंनी पसंत पडलं होतं. मालक हौसेनं आंब्याची कलमं दाखवत होता आणि हे खिशातली टेप काढून दाराची रुंदी मोजत होते. कशासाठी म्हणून त्यानं विचारलं, तर यांनी सरळ सांगून टाकलं. आतून त्याची बायको तरातरा बाहेर आली. "अवो, आयकलास? हो माणूस हय ऱ्हवाक नाय, मराक इलोहा! माका नको ह्याचा भाडा." आम्ही चहाही न घेता निघालो.

आणि मग मालवणच्या खालच्या अंगाला, खाडीपलीकडच्या एका वाडीत आम्ही पोचलो. माडांत घर होतं, समोर पाणी. घरमालक म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. तो शेजारच्या घरातून घाईघाईनं आला. तिथली म्हातारी पहाटे गेली होती, आणि मुलगा जवळ नव्हता.

"घर मागसून बघा," तो म्हणाला. "तिचो झील बोटीर आसा, तो काय येवचो नाय. भरती लागली काय स्मशानाची वाट बुडता. आमी तिघेच आसंव, चवथो गावणा नाय. काका, तुमी येशात काय?"

साडूंनी चपला तिथेच काढल्या. इतकी गावं पालथी घातली, पण हा प्रश्न उलट बाजूनं त्यांना कुणी विचारला नव्हता. मला, माझी उंची बघून असेल, म्हातारीच्या दिरांचा हात धरायला सांगितलं. ते स्वतःच थकलेले, आगीचं मडकं घेऊन ओल्या वाळूतून पुढे चालायचे होते. मागे वळून पाहिलं तेव्हा मला दिसलं की त्या तिघांतला एक अगदी माझ्या उंचीचा होता. त्यानं गळ्यातल्या टॉवेलची जाड घडी करून खांद्यावर ठेवली होती आणि तिच्यावर दांडा घेतला होता. तिरडी तसूभरही कलली नव्हती. साडू त्या घडीकडे बघत चालले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताईंच्या वेळी ते रडलेले मी पाहिले नव्हते.

परतल्यावर पायांवर पाणी घेताना ते एवढंच म्हणाले, "सरळ गेल्या." घरमालकानं विचारलं, "आता घर बघतलास मां?" साडू म्हणाले, "बघितलं." आत पाऊलही न टाकता त्यांनी घर ठरवलं. गाडीत बसल्यावर मला राहवेना. म्हटलं, "अहो, पण इथे चार माणसं मिळतच नाहीत, तिघंच आहेत."

"तिघंच होते," ते म्हणाले.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. वाडीत ते सगळ्यांचे काका आहेत. कुणी गेलं की पहिली हाक त्यांना येते, आणि दांडे बांधून झाले की समपातळी बघितल्याशिवाय ते कुणालाही उचलू देत नाहीत. माणसं यावर हसतात आणि थांबतातही. परवा फोनवर आवाज जरा दमलेला वाटला. डॉक्टरांनी ओझं उचलायचं नाही म्हणून सांगितलंय म्हणे. मी म्हटलं, आता पुण्याला या, आमच्याकडे राहा.

"कसा येऊ? मी निघालो तर इथे पुन्हा तिघंच उरतात," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तू यंदा निवृत्त होतोयस ना रे?"

उगीच म्हणालो, "माझी उंची..."

"टॉवेल आणून ठेवलाय," ते म्हणाले. "चांगला जाड आहे."

मी फोन ठेवला. बायकोनं विचारलं, काय म्हणाले भावजी? मी तिला सांगितलं की यंदा पुण्याची थंडी माझ्या गुडघ्यांना सोसत नाहीये.